सातवं प्रकरण काढून टाकावं

अभिप्रायाचा पहिला खर्डा असा होता:

कादंबरी चांगली आहे.

थोरलीने तो खोडला. चोवीस वर्षं ती प्रकाशकाकडे येणारी हस्तलिखितं वाचत होती आणि या चोवीस वर्षांत "चांगली आहे" असं तिने एकदाही लिहिलं नव्हतं. काय चांगलं, कुठे चांगलं, किती चांगलं, हे सांगायचं असतं. नुसतं चांगलं म्हणायला शेजारीपाजारी असतात.

दुसरा खर्डा:

कादंबरी वाचनीय आहे, मात्र

इथे हात अडला. मात्रच्या पुढे लिहायला काही सापडेना. दोनशे अकरा पानं तिने दोन दिवसांत संपवली होती, गॅसवर दूध उतू गेलं तरी जागची हलली नव्हती, आणि प्रत्येक पानावर ती हाच एक शब्द शोधत होती. तो मिळत नव्हता, हेच खरं दुखणं होतं. लिहिणारी बाई घरातलीच होती. खालच्या मजल्यावरची. तिची धाकटी जाऊ.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. काड्यांचे सैल स्क्रू पिळायचे, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायला बसलेल्या माणसासमोर भिंगं सरकवत दिवसभर एकच विचारायचं, "असं बरं दिसतंय, की असं?" दुकानाचा फोन नंबर बदलला तेव्हा छापील फॉर्मचा एक गठ्ठा वाया गेला होता. गिऱ्हाईक नसलं की ती त्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर लिहायची. नऊ वर्षांत कोणाला पत्ता नव्हता, तिच्या नवऱ्यालाही नाही. मग एका रविवारी ती बुटांचं खोकं घेऊन वर आली. "ताई, वेळ मिळाला तर बघाल का? काही नाही, असंच."

हे "असंच" थोरलीला लागलं. तिची स्वतःची कादंबरी अकरा वर्षं चार प्रकरणांवर उभी होती. ती लिहायला बसली की घरात टीव्हीचा आवाज कमी व्हायचा, नवरा पायांचा आवाज न करता फिरायचा, दिराने एकदा तिच्या वाढदिवसाला टेबलावरचा दिवा आणून दिला होता. एवढा सरंजाम, आणि प्रकरणं चार. इकडे ही बाई दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, स्टुलावर बसून, असंच.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, कसं लिहिलंय तिने. थोरली म्हणाली, बरं आहे. बरं म्हणजे कसं, तर बरं म्हणजे बरं.

नवरा हसला. "म्हणजे भारी दिसतंय. वाईट असतं तर तू एव्हाना अर्धा तास बोलली असतीस."

तिने त्याला मोज्यांची जोडी फेकून मारली. प्रेमाने नव्हे.

आता थोरलीची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

तिच्या अभिप्रायाला तीन कप्पे असत. उभं, लंगडं, उपाय. जे आपल्या पायावर उभं आहे ते आधी सांगायचं, मग लंगडतंय ते, मग त्याचं काय करायचं ते. कोणाला दुखवायचं नाही, पण कोणाला फसवायचंही नाही. प्रकाशनाचे मालक तिच्या अभिप्रायाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचत, मधलं सोडून देत, आणि त्यावर पुस्तक काढायचं की नाही ते ठरवत. दर शनिवारी ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत नव्याने लिहिणाऱ्यांचा वर्ग घ्यायची. तिथे तिचा एक नियम प्रसिद्ध होता: काढलेलं पान घरात ठेवायचं नाही. फाडायचं. ठेवलंत तर ते मागच्या दाराने परत येतं. मुलं हसत. ती हसत नसे.

हा नियम तिच्या इतका अंगवळणी पडला होता की प्रत्येक अभिप्रायाच्या शेवटी तो आपोआप उतरायचा.

आणि एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. वाचताना एखादा उतारा फार आवडला, की ती तो वहीत उतरवून घ्यायची. खाली लिहिणाऱ्याचं नाव. अशा सहा वह्या भरल्या होत्या. तोंडावर कौतुक करणं तिला जमत नसे, म्हणून ते वहीत व्हायचं. दुसऱ्यांना पानं फाडायला लावणाऱ्या बाईच्या कपाटात दुसऱ्यांचीच पानं साठलेली होती, आणि यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सातव्या प्रकरणात एक म्हातारा डोळे तपासायला येतो. डोळे पार गेलेत. बायकोला कळू नये म्हणून त्याने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून ठेवलाय, दर वर्षी येतो आणि पास होऊन जातो. हे वाचकाला कळतं ते शेवटीच. बायको बाहेर त्याची टोपी घेऊन बसलेली. दुकानातली मुलगी त्याच्या एका डोळ्यावर झाकण धरते. म्हातारा वाचत जातो, वरपासून खालपर्यंत, एकदाही न अडखळता. मग एक ओळ येते:

सगळं बरोबर होतं. तक्ता सकाळीच बदलला होता.

मुलगी म्हणते, "छान." झाकण काढते, पुसते, पुढच्या माणसाला हाक मारते. प्रकरण संपतं. साडेचार पानं.

थोरलीने ती साडेचार पानं उभ्याने वाचली. मग बसून वाचली. मग वही काढली आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत उतरवून घेतली. आजवर तिने कोणाचं अख्खं प्रकरण उतरवलं नव्हतं. उतरवताना हाताला एक विलक्षण सुख होत होतं, जणू हे शब्द त्या हातालाच सुचत होते. प्रकरण संपलं. खाली नाव लिहायची वेळ आली.

तिने वही मिटली. नाव राहिलं. राहिलं म्हणजे विसरलं नाही.

त्यानंतर अभिप्राय झरझर उतरला.

उभं: भाषा साधी आणि स्वच्छ. दुकानाचं वातावरण हुबेहूब. नायिकेचा अबोलपणा लेखिकेने शेवटपर्यंत सांभाळला आहे.

लंगडं: सातव्या प्रकरणात कथानक थबकतं. म्हातारा आधी येत नाही, नंतर येत नाही. वाचकाचं लक्ष नायिकेवरून उडतं. प्रसंग स्वतंत्रपणे वाईट नाही, परंतु कादंबरीच्या ओघात तो आगंतुक वाटतो.

उपाय: सातवं प्रकरण काढून टाकावं. काढलेलं पान घरात ठेवू नये, ते परत येतं.

यातलं एकही वाक्य खोटं म्हणून पकडता आलं नसतं. म्हातारा खरंच आधी येत नव्हता, नंतर येत नव्हता. मालकांनी वाचलं असतं तर मान डोलावली असती. शनिवारच्या मुलांनी टिपून घेतलं असतं. "स्वतंत्रपणे वाईट नाही" हे लिहिताना मात्र थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण कागदावर ते कुठे दिसतं?

खोकं आणि अभिप्राय तिने दिराच्या हाती खाली पाठवला. स्वतः गेली नाही. पाय दुखतोय म्हणाली.

दहा दिवस गेले. या दहा दिवसांत ती धाकटीला जिन्यात चारदा भेटली आणि चारही वेळा घाईत होती.

अकराव्या दिवशी धाकटी खोकं घेऊन वर आली. चेहरा उतरलेला नव्हता, उलट काम उरकलेल्या माणसाचा असतो तसा मोकळा. तिने सांगितलं, तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. प्रकरणांचे आकडे बदलले. आता आठवं ते सातवं.

"आणि ते जुनं सातवं?" थोरलीने विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"काढलं ना."

"काढलं, पण ठेवलंस कुठे?"

"ठेवायचं नव्हतं ना?" धाकटी गोंधळली. "गिऱ्हाइकांचे जुने कागद बारीक करायचं मशीन आहे आमच्याकडे, त्यात घातलं. घालताना जरा जीवावर आलं. पण म्हटलं ताईंना यातलं कळतं, मला काय कळतंय."

दुसरी प्रत आहे का, तर नव्हती. नवरा झेरॉक्स काढ म्हणत होता, पण तिने उडवून लावलं होतं, माझं कोण चोरतंय म्हणून. परत लिहिता येईल का, तर छे. त्या दिवशी जे आलं ते आलं, पुन्हा तसं कुठून आणणार?

धाकटी चहाही न घेता गेली. दुकान उघडायचं होतं.

थोरलीने नवं हस्तलिखित वाचायला घेतलं. सहावं प्रकरण आलं, आठवं जे आता सातवं होतं ते आलं, आणि त्यातलं पहिलंच वाक्य होतं, "त्या दिवसापासून ती तक्त्याकडे पाठ करून उभी राहू लागली." कोणत्या दिवसापासून? पुढे नायिका एका बाईला नंबर वाढलाय हे सांगता सांगता गप्प होते. का? शेवटी ती नोकरी सोडते. कशाने? सगळं तसंच होतं, शब्द न् शब्द तोच, पण जिन्यातली एक पायरी काढून घ्यावी तसं प्रत्येक वेळी पाऊल हवेत पडत होतं. म्हातारा पुन्हा येत नव्हता, कारण त्याला यायची गरजच नव्हती. तो गेलाच नव्हता.

कादंबरी आता खरोखर लंगडत होती. दोन दिवस शोधूनही न सापडलेला तो "मात्र" अखेर सापडला होता. तिनेच ठेवलेला.

त्याच दुपारी मालकांचा फोन आला. जावेची कादंबरी वाचायला घेतल्याचं तिनेच त्यांना मागे सांगितलं होतं. यंदाच्या यादीत एकच जागा उरलीय, उद्या छापखान्याला कळवायचं आहे, तुमच्या जावेचं काय करू? घरातली आहे म्हणून सांभाळून घेऊ नका, असंही म्हणाले. थोरली म्हणाली, उद्या सकाळी सांगते.

वही कपाटात होती.

तिने ती काढली आणि वाचली. स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईत, खाली नाव नसलेलं साडेचार पानी प्रकरण. आणि मग जे मनात आलं ते असं: जगात याची ही एकच प्रत आहे. तिच्या त्या चार प्रकरणांतही एक म्हातारा होता. अकरा वर्षं तो खुर्चीत बसून होता, काही करत नव्हता. त्याला उठवून डोळे तपासायला पाठवलं तर? दुकान बदलायचं. मुलीच्या जागी मुलगा. धाकटीने ओळखलं तरी काय म्हणणार? ते प्रकरण आगंतुक आहे, असं लेखी तिच्याकडे होतं.

हा विचार तिने झटकला असं म्हणायला हरकत नव्हती, पण तसं झालं नाही. ती तो विचार घेऊन चांगला अर्धा तास बसली. त्याला उलटून पालटून पाहिलं. शिवण कुठे दिसेल ते शोधलं. चोवीस वर्षांचा अनुभव होता, कुठेच दिसली नसती.

शेवटी तिने कोरे कागद घेतले. दुसरा, बरा बेत होता: प्रकरण नीट उतरवायचं, खाली नेऊन द्यायचं आणि सांगायचं की ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे एक नक्कल ठेवली होती. अभिप्रायाचा फेरविचार केला, असतं कधी कधी. खोटं छोटं होतं आणि सगळ्यांचं भलं होणार होतं.

पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर "म्हातारा म्हणत गेला, वरपासून खालपर्यंत" इथे ती थबकली.

म्हणत गेला? धाकटीने काय लिहिलं होतं?

आठवेना. लोकांची वाक्यं उतरवताना थोरलीचा हात मुकाट्याने उतरवत नसे, तो सुधारत जायचा. इकडचा शब्द तिकडे, एखादा बदलून, एखादी ओळ पदरची. धंद्याचीच सवय. इतरांच्या उताऱ्यांत त्याने काही बिघडत नव्हतं, मूळ पान जागेवर असायचं. इथे मूळ पानाचा चुरा झाला होता. तिने पानं तीनदा वाचली. कुठे तिचं बोट लागलंय आणि कुठे नाही, हे तिला सांगता येईना. हे तिला भयंकर वाटलं आणि, लपवून काय करायचं, किंचित बरंही वाटलं. इतकं जवळ जाता आलं होतं म्हणजे.

ते सांगू शकणारी एकच बाई होती आणि ती खाली राहत होती.

थोरली वही घेऊन जिना उतरली.

धाकटी नुकतीच दुकानातून आली होती. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याच्या चष्म्याची काडी बसवत होती, स्क्रू दातांत धरलेला. थोरलीने वही उघडून समोर ठेवली. तयार केलेलं सगळं बोलणं जिन्यातच सांडलं होतं.

धाकटीने दोन ओळी वाचल्या. स्क्रू तोंडातून काढून बशीत ठेवला. चारही पानं आणि वरचं अर्धं सावकाश वाचून काढलं. मग वहीची मागची पानं चाळली. कोणाकोणाचे उतारे, प्रत्येकाखाली नाव. परत आपल्या पानावर आली.

"खाली नाव नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला आवडलं होतं."

"हो."

"मग काढ का म्हणालात?"

"आवडलं म्हणून."

शेजारच्या खोलीत दीर फोनवर कोणाशी तरी हसत होता.

"मी मशीनमध्ये घातलं ताई," धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "एकेक पान. तुमच्या शब्दावर."

थोरलीने मान हलवली. माफी मागावी असं तिच्या ओठांवर आलं, पण चोवीस वर्षांत ती एवढं शिकली होती की काही जागी वाक्य घातलं की जागा बिघडते. ती एवढंच म्हणाली, की यात माझे काही शब्द शिरलेत, कोणते ते मला ओळखता येत नाहीत, तू काढून टाक. उद्या सकाळी मालकांना सांगायचंय.

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग पेन्सिल शोधली, चष्म्याच्या डबीखाली होती, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बसा. समोर बसा."

थोरली बसली. दवाखान्यात बसतात तशी.

"हे तुमचं. म्हणत गेला. मी 'वाचत गेला' लिहिलं होतं." पेन्सिलीचं टोक शब्दावर. "असं बरं दिसतंय, की असं?"

थोरलीने दोन्ही मनात म्हणून पाहिलं. म्हणत गेला, हे जास्त अचूक होतं. म्हणूनच चूक होतं. "म्हणत" लिहिलं की वाचकाला आधीच कळतं, आणि मग पुढच्या ओळीचा चटका जातो. "वाचत," ती म्हणाली.

"आणि हे, शेवटी. तिला रडू आलं. हे माझं नाही. माझी मुलगी रडत नाही, पुढच्या माणसाला हाक मारते. असं बरं, की असं?"

धरणीने पोटात घ्यावं असं थोरलीला वाटलं. पात्राला रडवू नका, हे सांगत तिने शनिवारच्या किती मुलांना रडवलं होतं. "काढ."

पेन्सिल फिरली. मग बराच वेळ धाकटी एकाच ओळीवर रेंगाळली.

"बाहेर बायको त्याची टोपी घेऊन बसली होती. इथवर माझं. टोपीत हात घालून, जणू आत अजून ऊब आहे. हे तुमचं."

थोरलीने ओळ वाचली. हो, तिचंच होतं. आता ओळखू आलं. अकरा वर्षांत तिच्या हातून उतरलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हे होतं, आणि ते दुसरीच्या म्हाताऱ्याच्या टोपीत जाऊन बसलं होतं.

"हे बरंय," धाकटी म्हणाली. कुरकुरत म्हणाली, मनाविरुद्ध, आणि तो सूर थोरलीने लगेच ओळखला, कारण तो तिचाच होता. "मला सुचायला हवं होतं. ठेवू की परत घेता?"

परत घ्यावं असं थोरलीला फार वाटलं. ती ओळ उचलून वर न्यावी, आपल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला द्यावी. पण त्याला बायको नव्हती. टोपीही नव्हती. ओळ इथेच उभी राहत होती, दुसरीकडे नेली की पडणार होती. हे तिला दिसत होतं, कारण दिसणं हाच तिचा धंदा होता, आणि या महिन्यात पहिल्यांदाच तिने जे दिसलं ते सांगितलं.

"ठेव."

धाकटीने ठेवली. वही फिरवून थोरलीसमोर केली. मालकांना काय सांगणार, असं विचारलं.

"चांगली आहे म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

धाकटीने बशीतला स्क्रू उचलला, काडी हातात घेतली आणि न बघता पेन्सिल तिच्याकडे सरकवली. "नाव राहिलंय," ती म्हणाली.

थोरलीने पेन्सिल घेतली. टोक बोथट झालं होतं, तरी जोर देऊन तिने धाकटीचं नाव लिहिलं, पूर्ण प्रकरणाखाली. टोपीसकट.